मायला भेटायला येऊ नका

माय बरी झाली आणि मग मी लिहायला बसले, असं नाही. माय नागपूरच्या एका रुग्णालयात वरच्या मजल्यावर आहे आणि मी जिन्यात बसून मोबाईलवर हे लिहून राहिले आहे. आजाराचे अनुभव बहुतेक वेळा बरे झालेलेच लोक लिहितात. त्यामुळं वाचणाऱ्याला वाटतं, शेवटी सगळं नीटच होतं. तशी खोटी हमी मी देणार नाही. पण सेनगाव तालुक्यातल्या आमच्यासारख्या एखाद्या घरात उद्या ‘स्टेम सेल प्रत्यारोपण’ हा शब्द येऊन पडला, तर त्या घराला कुणीतरी आपल्या बोलीत आधी सांगितलेलं असावं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पैशाचं लिहिणार नाही. ते ज्याच्यावर येतं त्याला कळतंच, आणि त्याबद्दल माझं भांडण वेगळं चालू आहे.

दुर्मिळ म्हंजे चांगलं का वाईट

माझी माय पंचफुलाबाई. रोजानं शेतात जाणारी, विहारातल्या महिला मंडळात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारी. गावात कुणी आजारी पडलं की पाहायला जाणारी पहिली बाई तीच. आमच्याकडं आजाऱ्याला ‘पाहायला जाणं’ हे कामच असतं. पदराखाली बिस्किटाचा पुडा किंवा चार केळी घ्यायची, जाऊन उशाशी बसायचं, हात हातात घ्यायचा. फार बोलायचं नसतं. माय म्हणायची, “माणूस दिसलं की अर्धं दुखणं जातं.” कोण कुणाला पाहायला गेलं नाही हेही तिच्या बराबर ध्यानात असायचं.

तिला ताप येत राहिला. आधी टायफाइड म्हणाले. मग कावीळ. मग अशक्तपणा, म्हणून सलाइन. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी लिहिली आणि पुढचा पेशंट बोलावला. माय वाळत गेली, पोटाला डावीकडं दगडासारखं काहीतरी हाताला लागायला लागलं. आम्ही नांदेडला गेलो, नांदेडहून नागपूरला. तिथं एका डॉक्टर मॅडमनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. आतापर्यंत कुणी बसा म्हणालं नव्हतं, म्हणून मला तेव्हाच समजलं की काहीतरी वाईट आहे.

त्या म्हणाल्या, रक्तातल्या एका जातीच्या पेशींचा कर्करोग आहे. फार दुर्मिळ.

बाबांनी विचारलं, “मॅडम, दुर्मिळ म्हंजे चांगलं का वाईट?”

आमच्याकडं बियाणं दुर्मिळ असतं, म्हशीची जात दुर्मिळ असते. ती चांगलीच असते. मॅडम म्हणाल्या, “दुर्मिळ म्हणजे आम्हालाही अनुभव कमी.”

मी विचारलं, “कशामुळं झालं? फवारणीनं? पाण्यानं?”

“सांगता येत नाही.”

मी कॉलेजपासून चळवळीत आहे. पत्रकं लिहिते, वाटते, निवेदनं देते, धरण्यावर बसते. आमच्या कामात प्रत्येक अन्यायाला एक कार्यालय असतं. त्या कार्यालयाला दार असतं आणि दारापुढं बसता येतं. इथं बसायला जागाच नव्हती. मी त्या खोलीत आरोपी शोधत होते, आणि डॉक्टरला तोच माहीत नव्हता.

अर्धी मी

केमो झाली. मॅडम म्हणाल्या, आजार दबला आहे, पण हा परत येणारा आहे. येऊ द्यायचा नसेल तर दुसऱ्याच्या पेशी घालून तिचं रक्त बनवण्याचं काम नव्यानं सुरू करावं लागेल.

मी आमच्या ग्रुपवर टाकलं, मायला दाता पाहिजे. तर संघटनेची पोरं जीप करून नागपूरला आली. बाह्या वर करून ओळीनं उभी. म्हणाली, “ताई, समदे ओ पॉझिटिव्ह हावोत. कुणाचंबी काढा.” रक्तगट जुळला की झालं, असं आम्हाला सगळ्यांना वाटलेलं. मॅडमनी त्यांचं रक्त आनंदानं घेतलं आणि सांगितलं की ही जुळणी वेगळी असते, ती गर्दीतून मिळत नाही, आधी रक्ताच्या नात्यात पाहतात. मायचा एकच भाऊ, तो वारलेला. पण लेकराची आईशी अर्धी जुळणी असतेच, आणि आता अर्ध्यावरही काम होतं. एकुलती लेक मी. म्हणजे मीच.

मला सुया दिल्या. कंबर, बरगड्या, मांड्या आतून ठणकायच्या. हाडांतला माल रक्तात यायला लागला की असं होतं म्हणाले. मग एका मशीनला जोडलं. एका हातातून रक्त जायचं, दुसऱ्या हातात परत यायचं, आणि वरच्या पिशवीत डाळिंबाच्या पातळ रसासारखं काहीतरी जमत जायचं. ती पिशवी घेऊन नर्स मायच्या खोलीकडं गेली तेव्हा मला काय वाटलं ते खरं लिहिते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी ठोस झालं, असं वाटलं. निवेदन दिल्यावर पोच मिळते. इथं मी स्वतःलाच दिलं होतं.

माय काचेपलीकडं, जंतू लागू नयेत म्हणून वेगळ्या खोलीत. केस गेले. तोंड आतून सोललं गेलं, थुंकीही गिळता येईना. बाबा काचेसमोर उभे राहून नुसते पाहायचे. तिला बोलता यायला लागल्यावर फोनवर पहिला प्रश्न हाच, “मला पाहायला कोण कोण आलं?”

मी नावं सांगायचे. काही खरी, काही तिथल्या तिथं जुळवलेली.

पत्रक

माझ्या पेशी तिच्यात रुजल्या. काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहिलो आणि मग घरी जायची परवानगी मिळाली. निघताना मॅडमनी नियम सांगितले. वेगळी खोली, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न. दही नाही, कोशिंबीर नाही. आणि भेटायला कुणीही नाही. त्या म्हणाल्या, “त्यांची ताकद आत्ता तान्ह्या बाळासारखी आहे.”

माय म्हणाली, “तान्ह्या लेकराला तं सारं गाव पाहायला येतं.”

घरी आल्यावर मी पत्रक लिहिलं. मी आजवर जी पत्रकं लिहिली त्यांत लोकांना बोलावलेलंच असायचं. हे पहिलंच उलटं.

‘जाहीर विनंती. आमची माय पंचफुलाबाई मोठ्या उपचारानंतर घरी आली आहे. तिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद अजून आलेली नाही. आपल्याला साधी सर्दी असेल, तीही तिच्या जिवावर बेतू शकते. तुमचं प्रेम आम्हाला माहीत आहे. तरी कृपा करून मायला भेटायला येऊ नका. जय भीम.’

गावात वाटलं, दाराला चिकटवलं, मोबाईलवर फिरवलं. एक काका म्हणाले, “मला तं आधी मयतीचंच पत्रक वाटलं.” दोन-चार दिवसांत वस्तीत आवई उठली की पंचफुला कवाच गेली, घरचे लपवून राहिले. दुसरे म्हणाले, नागपूरला जाऊन आले तर आता माणसं नको झाली. दोन्ही गोष्टी मायच्या कानावर गेल्या. ‘गेली’ म्हणतात याचं तिला हसू आलं. माणसं नको झाली म्हणतात, हे ऐकून ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

मग गयाआत्या आली. बाबांची थोरली बहीण, शिरड शहापूरला दिलेली. एकटी नाही, जीपभर माणसं घेऊन, पहिल्याच सुट्टीच्या दिवशी. मी दारात.

“आत्या, आत न्हाई जाता येणार.”

“उंबऱ्यात उभी राहून बघते. आत पाय न्हाई ठेवत.”

“उंबऱ्यातबी न्हाई.”

“तू कोण सांगणारी? मोर्चात ‘दारं उघडा, दारं उघडा’ म्हणून वरडती, आन सोत्ताच्या घराचं दार लावून बसती. माझ्या भावाच्या दारातून मी पाणीबी न पिता जाऊ?”

बाबा बाहेर आले. काहीतरी बोलतील म्हणून आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं. ते घराच्या मागं सरपणाकडं निघून गेले. आत्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला. तिच्या म्हशीचं दही. “तिला आवडतं,” एवढं म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. आतून मायचा आवाज आला, “कोण हाय? वन्सं हायत का?” जीप सुरू झाल्यामुळं तो आत्याला ऐकू गेला नसावा.

तुमच्या घरी ही वेळ आली तर दारात घरचं माणूस उभं करू नका. नात्याबाहेरचं करा. घरच्याला शब्द पुरत नाहीत.

रझियाबी

यातून वाट काढली ती रझियाबीनं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं बांगड्यांचं दुकान. मायची आणि तिची लग्न होऊन आल्यापासूनची दोस्ती. तिनं पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं, नीट ऐकलं आणि मला विचारलं, “खिडकी का कुछ लिखा है क्या इसमें?”

खिडकीचं काही लिहिलं नव्हतं. रझियाबी समोरच्या ओट्यावर, रस्त्यापलीकडं, रोज ऊन उतरल्यावर येऊन बसायला लागली. मधून मोटारसायकली जायच्या, आणि दोघी ओरडून बोलायच्या.

“पंचफुला, जिंदा है क्या गे?”

“हाव. तू हाईस का?”

“मैं भी हूँ. तेरी पोरगी दरवाजे पे पोलीस बनके बैठी.”

“पगार न्हाई तिला. फुकट बसती.”

“तेरे बाल आए क्या?”

“आलेत थोडे. पोलिसवाल्यावानी.”

सगळी गल्ली ऐकायची. कुणाची सून भांडून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीनं काय केलं, सगळं त्या रस्त्यावरून आत यायचं. माय त्या दिवसांत दोन घास जास्त जेवायची. मॅडमना फोनवर विचारलं, खिडकीतून बोललं तर चालेल का. त्या म्हणाल्या, अंतर असेल तर हरकत नाही. एवढी एक गोष्ट आम्हाला कुणी नाकारली नाही.

दह्याचा डबा

ठरल्याप्रमाणं मॅडमनी एक औषध हळूहळू कमी करायला सांगितलं. तब्येत चांगली म्हणूनच ते कमी करतात. आम्ही खूश झालो. काही दिवसांनी मायचे तळहात लाल झाले, खाजायला लागले. मग हगवण लागली. थांबेचना. खाल्लं ते जसंच्या तसं जायचं, नाही खाल्लं तरी जायचं.

आणि तेव्हाच चुलीमागं तो स्टीलचा डबा सापडला, रिकामा. मी बाबांना फेकायला दिला होता. त्यांच्याकडून ते झालं नाही. बहिणीचा डबा होता. मायनं मागितलं, त्यांनी भातावर वाढलं.

बाबांनी स्वतःला काही म्हटलं नाही. त्यांनी गयाआत्याला फोन लावला. मी समोर होते. माझे बाबा कधी मोठ्यानं बोलत नाहीत. त्या दिवशी ते आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाले, “तुझ्या दह्यानं माझं घर बुडवलं. आता तोंड दाखवू नको.” पलीकडून आत्याचा आवाज येत होता, नुसता “अरे, अरे” असा. त्यांनी फोन कापला. मलाही ते बराबरच वाटलं. आरोपी सापडला होता ना.

मायला जीपमध्ये मागं आडवं टाकून नागपूरला निघालो. वाटेत कितीदा थांबलो सांगता येत नाही. माझी माय, जिनं कधी चारचौघांत पदर ढळू दिला नाही, तिला रस्त्याच्या कडेला मी आणि बाबांनी चादरीचा आडोसा धरून बसवलं. ट्रकवाले हॉर्न वाजवत गेले.

तपासणी झाली. आतड्याचा तुकडा काढून पाहिला. मॅडमनी परत खुर्च्यांवर बसवलं.

“दह्याचा संबंध नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेरचा कुठलाच जंतू सापडला नाही. दिलेल्या पेशींना यांचं शरीर परकं वाटतंय. त्या कातडीवर, आतड्यांवर हल्ला करताहेत.”

“दिलेल्या पेशी,” मी म्हणाले. “म्हणजे माझ्या.”

“हो. यात तुमचा काही दोष नाही.”

मी गावभर दारं लावत सुटले होते आणि जे तिला खाऊन राहिलं होतं ते माझ्यातूनच गेलेलं होतं. मी मोर्चे काढले आहेत. पोरं बिथरली, दगड उचलायला लागली, तर पुढं जाऊन हात वर करून उभं राहता येतं. शिव्या घालता येतात. ती ऐकतात. या माझ्याच आहेत आणि यांना मी थांबा म्हणू शकत नाही. त्यांना दाबायचं औषध (आम्ही कमी केलं होतं ते तेच) जास्त झालं तर जुना आजार परत येऊ शकतो, कमी पडलं तर आतडी राहत नाहीत. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आपला हात कुठं ठेवावा ते मला सुचेना.

हे असं होऊ शकतं, ते त्यांनी प्रत्यारोपणाआधी सांगितलं होतं. आता आठवतं. पण दहा गोष्टींत एक म्हणून, भराभर, आणि आम्ही तिघंही मान हलवत होतो. आमच्यासारखी माणसं डॉक्टरपुढं न समजताच मान हलवतात, हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. मग परत का विचारत नाहीत, काय समजलं सांगा म्हणून? मान हलली म्हणजे समजलं, असं कुणी ठरवलं? तुम्ही देणारे असाल तर पेशी देण्याआधी हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर समजेपर्यंत खुर्चीवरून उठू नका: माझ्या पेशी माझ्या माणसाला काय करू शकतात, आणि केलं तर त्याची पहिली खूण कोणती. तळहात लाल झाले त्याच दिवशी आम्ही निघायला पाहिजे होतं. आम्ही त्यावर खोबरेल लावत बसलो.

मायला बाबांनीच सांगितलं. मला सांगता येईना. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “पोटात होती तवाबी लाथाच मारायची.”

आणि हसली. हसल्यावर तिला दुखलं. मग म्हणाली, “फोन लाव वन्संला.”

बाबा जागचे हलले नाहीत. मी लावला, तिच्या कानाला धरला.

“वन्सं, तुमच्या दह्यानं काय न्हाई झालं. लेकीनं खाल्लं मला,” ती म्हणाली. “तुमच्या भावाचं मनावर घेऊ नका. त्यांला कुणावर तरी वरडायचं होतं.”

आत्या पलीकडून रडत काहीतरी विचारत होती. माय माझ्याकडं पाहत म्हणाली, “येऊ का म्हणून राहिल्या.”

मी मान हलवून नाही म्हणाले.

परवानगी

त्यानंतर एक औषध झालं, दुसरं झालं, उतार पडला नाही. परवा तिसरं सुरू केलं. माय आता कुशीवर वळत नाही, तिला वळवावं लागतं.

आज सकाळी मॅडमनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, “त्यांना कुणाला भेटायचं असेल, तर बोलवून घ्या. मी आत सोडायला सांगते.”

मी विचारलं, “आणि जंतू? माणसं धुळीतून येतील. सर्दी असंल कुणाला.”

त्या परत तेवढंच म्हणाल्या, “बोलवून घ्या.”

बाबा लांब भिंतीला टेकून उभे होते. जवळ आले. “काय म्हणल्या?”

“भेटायला येऊ द्या म्हणल्या.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इतक्या महिन्यांत पाहिलं नव्हतं. “म्हंजे उतार पडला,” ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन काढला होता. “गयाबाई? हाव, मीच. परवानगी मिळाली. डॉक्टरनं सोत्ता सांगितलं, समद्यांना आणा म्हणून. हाव, सुधारली. तू नीघ. वाटंत आपल्या गावावरून रझियाबीलाबी घे.”

बाबा पुढचा नंबर शोधत होते, बोटानं एकेक नाव खाली सरकवत. त्यांच्या हातातून तो फोन मी कसा काढून घेऊ?

माय खूश आहे. तिनं तोंड पुसून घेतलं. डोक्याला बांधायचा रुमाल बदलायला लावला, पांढरा नको, निळा. उशी जरा उंच केली. मग मला विचारलं, “एवढी माणसं येऊन राहिलीत. चहाचं काय करशील?”

“खाली टपरी हाय.”

“टपरीचा पाणचट असतो. दूध जास्त टाकाय सांग.”

मी खाली जाऊन सांगून आले. टपरीवाल्यानं विचारलं, किती जणांचा. मी म्हणाले, येतील तेवढ्यांचा.